सेट पूर्ण झाला, मातीचे काय?

सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, त्याची राणी युलिया डोम्ना, थोरला मुलगा काराकल्ला, धाकटा गेटा, सून प्लॉटिला, राणीची बहीण युलिया माएसा, माएसाच्या दोन मुली, त्या मुलींचे दोन मुलगे एलागाबालस आणि अलेक्झांडर, आणि त्या दोघांच्या बायका. इ.स. १९३ ते २३५ या काळात, मधले वर्षभर सोडले तर, रोमचे साम्राज्य या एका खानदानाच्या हातात होते. यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या चेहऱ्याचे चांदीचे नाणे आज घरबसल्या विकत मिळते. जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या दुनियेत याला 'फॅमिली सेट' म्हणतात. मखमली ट्रेमध्ये प्रत्येकासाठी एक गोल खाच. एखादी खाच रिकामी राहिली की माणसाला चैन पडत नाही.

हा काही फक्त करोडपतींचा शौक नाही. युलिया डोम्नाचा साधा दिनारियस एखाद्या स्वस्त मोबाइलच्या किमतीत येतो. म्हणूनच यावर फारसे कुणी बोलत नाही. देवळातली मूर्ती चोरीला गेली तर बातमी होते. बोटाच्या नखाएवढे नाणे गेले तर कोण विचारतो?

मी विचारते. माझे म्हणणे सरळ आहे: जे नाणे कुठून निघाले आणि कुणाकुणाच्या हातून आले हे विकणारा कागदावर दाखवू शकत नाही, ते नाणे कुणीही विकत घेऊ नये. छंद म्हणून नको, गुंतवणूक म्हणून नको, आणि इतिहासाच्या प्रेमापोटी तर मुळीच नको. कारण ठिकाणा हरवलेले नाणे फक्त बादशहाची भाषा बोलते. ज्यांनी ते कमावले, मडक्यात लपवले, पळताना मागे सोडले, त्या माणसांची गोष्ट मातीत असते, आणि ती कुदळीच्या पहिल्या घावाला संपते.

सिक्का आणि खुतबा

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पदवी बी.एड.ची, नाणेशास्त्राची नाही. नाण्यांकडे मी शब्दांच्या वाटेने आले. 'दीनार' हा शब्द आपल्याला अरबी वाटतो, पण त्याचे मूळ रोमच्या 'दिनारियस'मध्ये आहे. 'दिरहम' ग्रीकांच्या 'द्राख्मा'वरून आला. संस्कृत ग्रंथांतही 'दीनार' सापडतो. एका शब्दाने किती मुलूख पार केले, हे मुलांना सांगताना वर्ग शांत होतो.

आणखी एक गोष्ट आमच्या इतिहासातून कळते. मुसलमानी राजवटींत कोणी तख्तावर बसला की त्याच्या हुकमतीच्या दोन खुणा मानल्या जात: जुम्याच्या खुतब्यात त्याचे नाव घेतले जाणे आणि नाण्यावर त्याचे नाव येणे. खुतबा आणि सिक्का. जहांगीरच्या काळात नूरजहाँच्या नावाची नाणी निघाली, तेव्हा सत्ता कुणाच्या हातात आहे हे बाजारातल्या भाजीवालीलाही कळले असेल. दमास्कसहून राज्य करणारा उमय्या खलीफा अब्दुल मलिक याने हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ च्या सुमारास, सोन्याच्या दीनारावरचे चित्र काढून फक्त अक्षरे ठेवली. तीसुद्धा एक जाहीर घोषणाच होती.

म्हणजे नाणे हा घरातला फोटो अल्बम नव्हे. तो हुकूम आहे, जाहिरात आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर गावाच्या वेशीवर लावलेला फ्लेक्स आहे, फक्त चांदीचा. हे लक्षात घेतले की 'फॅमिली सेट' या शब्दातली गंमत निघून जाते.

नाण्यावरचे सुखी कुटुंब

सेव्हेरस आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना या शहराचा. डोम्ना आजच्या सीरियातल्या होम्सची. तेव्हा त्या शहराचे नाव एमेसा होते आणि तिचा बाप तिथल्या सूर्यदेवतेचा पुजारी होता. म्हणजे रोमच्या गादीवर एक आफ्रिकी आणि एक शामी घराणे एकत्र येऊन बसले. 'रोम म्हणजे गोऱ्या युरोपचा वारसा' असे छाती फुगवून सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

गादी तलवारीने मिळवली होती, त्यामुळे सेव्हेरसला खानदानी मूळ हवे होते. इ.स. १९५ मध्ये त्याने जाहीर केले की आपण सम्राट मार्कस ऑरेलियसचे पुत्र आहोत. मार्कस ऑरेलियस तोवर मरून १५ वर्षे झाली होती. बाप सापडल्याबद्दल सेव्हेरसचे अभिनंदन करणारा टोमणा त्या काळी मारला गेला, अशी नोंद इतिहासकार कॅसियस डिओने करून ठेवली आहे. पण नाण्यांवर 'दिवंगत मार्कसचा पुत्र' अशी अक्षरे आलीच, आणि थोरल्या मुलाचे नाव बदलून मार्कस ऑरेलियस अँटोनिनस झाले. नाणे हातात घेणाऱ्या शिपायाला हे खोटे तपासायची सोय नव्हती.

एका सोन्याच्या नाण्यावर मागच्या बाजूला डोम्ना समोर बघते आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुलगे आहेत. वर लिहिले आहे 'फेलिसिटास सेक्युली', म्हणजे या युगाचे सौख्य. पुढे त्या दोन भावांतल्या थोरल्याने धाकट्याला मारवले. इ.स. २११ च्या डिसेंबरात, डिओ सांगतो त्याप्रमाणे, आईच्या कुशीत.

सून प्लॉटिलाची गोष्टही तशीच. इ.स. २०२ मध्ये काराकल्लाशी तिचे लग्न झाले. नाण्यावर नवरा-बायको हातात हात देऊन उभे आहेत आणि अक्षरे आहेत 'कॉन्कॉर्डिए एटर्ने', कायमच्या सलोख्याला वाहिलेली. नवऱ्याला तिचा तिटकारा होता. इ.स. २०५ मध्ये तिच्या बापाचा खून झाला, तिला लिपारी बेटावर धाडले, आणि सेव्हेरस मेल्यावर काराकल्लाने तिलाही मारवले. कायमचा सलोखा तीन वर्षे टिकला.

आता आजच्या बाजारातली रीत पाहा. एलागाबालसची एक बायको ॲनिया फाउस्टिना काही महिनेच राणी होती, म्हणून तिचे नाणे दुर्मीळ आणि प्रचंड महाग. अलेक्झांडरची बायको ऑर्बियाना दोनेक वर्षांत हाकलली गेली, म्हणून तिचेही नाणे महाग. जी बाई जितक्या लवकर घराबाहेर काढली गेली, तितकी तिच्या खाचेची किंमत जास्त. कॅटलॉगमध्ये याला 'रेअरिटी' म्हणतात. मी एक बाई म्हणून हे वाचते तेव्हा मला दुसरे शब्द आठवतात, ते इथे लिहीत नाही.

याचा अर्थ नाणी निरुपयोगी आहेत असा नाही. खोटे बोलणारा कागदही पुरावा असतो. पण खोटे पकडायचे तर दुसरा साक्षीदार लागतो. नाण्याच्या बाबतीत तो दुसरा साक्षीदार म्हणजे माती.

माती काय सांगते

हे आपल्या घरच्याच उदाहरणाने सांगते. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा, त्यावर जिंकलेल्या राजाची मोहोर. असे एकच नाणे कुणाच्या ट्रेमध्ये असते तर 'गमतीशीर नग' म्हणून विकले गेले असते. साठा एकत्र मिळाला, मोजला गेला, म्हणून कळले की हा एखाद्या टांकसाळीतला योगायोग नव्हता, ही राजाज्ञा होती. सातवाहनांनी पश्चिमेचा मुलूख परत घेतला, याचा हा धडधडीत पुरावा आज आपण पुस्तकात शिकवतो.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधले, थेट सेव्हेरस खानदानाच्या नाण्यांचे. १९९८ साली सॉमरसेट परगण्यात शॅपविक गावच्या एका शेतात ९,२३८ चांदीचे दिनारियस सापडले. सगळ्यांत नवे नाणे इ.स. २२४ चे, म्हणजे अलेक्झांडरच्या काळातले. ज्यांना सापडले ते धातुशोधक यंत्र घेऊन फिरणारे साधे लोक होते. त्यांनी ते कळवले, मग जाणकारांनी तिथे खोदून पाहिले. नाणी एका खोलीच्या कोपऱ्यात पुरलेली होती. ती खोली होती एका रोमन वाड्याची, आणि तो वाडा तिथे आहे हे तोवर कुणाला माहीतच नव्हते. गुपचूप उकरून विकली असती तर जगाला ९,२३८ चेहरे मिळाले असते. वाडा गेला असता.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई भागात १८९८ साली रोमन सोन्याच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावर छिन्नीचा घाव आहे. तो घाव का घातला यावर विद्वानांचे वाद चालू आहेत, पण वाद घालता येतो तो साठा नोंदला गेला म्हणून. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांच्या छापाची, गळ्यात अडकवण्याजोगी मातीची पदके मिळाली आहेत. रोममध्ये जो चेहरा हुकूम होता, तो तेरला येऊन कुणाच्या तरी गळ्यातला दागिना झाला. हे 'तेरला' आहे म्हणून अर्थपूर्ण आहे. त्यातून 'तेर' काढा, मागे उरते भाजलेल्या मातीचे एक गोल ढेकूळ.

उकरणारा काय करतो? त्याला मडके सापडले तर मडके फुटते. सोने-चांदी एकीकडे, तांबे दुसरीकडे. मुलखाबाहेर नेताना माल वाटून नेतात. मग आम्लात घासून लख्ख करतात, कारण गिऱ्हाइकाला चेहरा स्वच्छ दिसायला हवा. शंभर ठिकाणची नाणी एका टोपलीत येतात. तिथून चेहऱ्यानुसार निवड: हा बाप, ही आई, हे मुलगे. ज्यांची आयुष्ये अठराशे वर्षांपूर्वी तुटली, त्यांचे कुटुंब दुकानात पुन्हा जोडले जाते, आणि ज्या माणसाने ते मडके पुरले त्याचे घर कायमचे पुसले जाते.

विक्रेता तुम्हाला टांकसाळ मोठ्या अभिमानाने सांगेल. डोम्नाच्या काही दिनारियसांवर 'लाओदिकिया टांकसाळ' असे लिहिलेले असते, म्हणजे आजचे सीरियातले लताकिया. पण टांकसाळ हे नाण्याचे जन्मगाव झाले. मला त्याचा शेवटचा मुक्काम हवा आहे. तो लेबलवर क्वचितच असतो.

डोम्नाचे माहेर

ही सगळी चर्चा शांत मुलखाबद्दल असती तर मी एवढा आवाज चढवला नसता. पण डोम्नाचे माहेर होम्स. २०११ पासून २०१४ पर्यंत ते शहर वेढ्यात होते. जुन्या वस्तीच्या गल्ल्याच्या गल्ल्या दगडमातीचा ढीग झाल्या. होम्सकडून उत्तरेला वाहणाऱ्या असी नदीच्या खोऱ्यात अपामिया हे प्राचीन शहर आहे. २०११ आणि २०१२ मध्ये उपग्रहाने काढलेली त्याची दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात सपाट शेतजमीन आणि खांबांचा लांबच लांब रस्ता. दुसऱ्यात देवीचे व्रण उठावेत तसे खड्डेच खड्डे. युफ्रातीसकाठच्या दुरा-युरोपोसचीही तीच गत झाली. एवढे खड्डे काय मूर्तींसाठी खणले? मूर्ती लपवायला अवघड, न्यायला जड. नाणे मुठीत मावते, खिशात बसते, पाकिटातून पोस्टाने जाते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २१९९ क्रमांकाचा ठराव केला आणि १५ मार्च २०११ नंतर सीरियातून बेकायदा बाहेर आलेल्या पुरातन वस्तूंच्या व्यापारावर बंदी घालायला सर्व देशांना सांगितले. म्हणजे हा व्यापार दहशतवाद्यांना पैसा पुरवतो, हे जगाने कागदावर मान्य केले आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालमिराच्या पुरातत्त्व खात्याचे चार दशके प्रमुख राहिलेले खालिद अल-असद यांना आयसिसवाल्यांनी ठार मारले. वय ऐंशीच्या पुढे. लपवलेल्या वस्तू कुठे आहेत ते त्यांनी सांगितले नाही, अशा बातम्या तेव्हा आल्या. आमच्याकडे 'मुसलमानांना मूर्ती-बिर्ती, जुन्या वस्तू यांचे काय पडले आहे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी या एका मुसलमान म्हाताऱ्याचे नाव सांगते. आणि आमच्यातल्याच कुणी 'ते तर जाहिलियतच्या काळातले दगड' असे म्हटले, तर त्यांनाही हेच नाव सांगते.

भाईजानचे पाच मुद्दे

माझे एक मामेभाऊ आखातात इंजिनिअर आहेत. शहाणे, वाचणारे, पाचवक्ती नमाजी. त्यांच्याकडे हा सेट आहे, तीन खाचा सोडून पूर्ण. या विषयावर आमचे फोनवर अनेकदा वाजते. ते मला 'आपा' म्हणतात, मी त्यांना 'भाईजान', आणि दोघेही हटत नाही. त्यांचे मुद्दे प्रामाणिक आहेत, म्हणून एकेक घेते.

पहिला मुद्दा: "आपा, ही नाणी लाखांनी पाडली होती. लाखातल्या एकाने काय फरक पडतो?" भाईजान, नाणे लाखांतले एक असेल, पण ते ज्या खड्ड्यात होते तो खड्डा एकच होता. तुम्ही पैसे नाण्याचे देता, तोडफोड खड्ड्याची होते.

दुसरा: "गेटाचे नाव काराकल्लाने सगळीकडून खोडले. आमच्यासारख्यांनी नाणी जपली म्हणून तो वाचला." यातला पहिला भाग खरा आहे. रोमच्या फोरममधल्या सेव्हेरसच्या कमानीवरून गेटाचे नाव खरवडून तिथे दुसरी अक्षरे बसवली आहेत, आजही दिसतात. बर्लिनच्या संग्रहात इजिप्तहून आलेली या कुटुंबाची रंगवलेली लाकडी गोल तबकडी आहे: आई, बाप, थोरला, आणि चौथ्या जागी पुसलेला चेहरा. आशिया मायनरमधल्या स्ट्रॅटोनिकिया शहराच्या काही तांब्याच्या नाण्यांवरून त्याचे डोके छिन्नीने उडवले आहे. काराकल्लाने भावाची नाणी वितळवली असेही डिओ लिहितो. मग गेटाची इतकी नाणी आज कशी? तर लोकांनी ती मडक्यात घालून पुरली होती. त्याच्या खुनानंतर पुरलेल्या साठ्यांतही त्याची नाणी मिळतात. म्हणजे हुकूम सुटला तरी सामान्य माणसाने चांदी सोडली नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण ती कळते साठा अखंड मिळाला तरच. गेटाला संग्राहकांनी वाचवले नाही, मातीने वाचवले. आणि जो माणूस मातीतली नोंद नष्ट करणाऱ्या बाजारातून नाणे घेतो, तो खोडणाऱ्याच्या बाजूला उभा आहे. काराकल्लाने एक नाव खोडले. हा बाजार ज्यांची नावे कधी लिहिलीच गेली नाहीत, त्यांची शेवटची खूण खोडतो.

तिसरा: "तिथला गरीब उकरतो, त्याचे पोट भरते." भुकेल्या माणसाला मी दोष देत नाही. युद्धात घर गेलेला बाप कुदळ उचलेल. पण या साखळीत सर्वांत कमी पैसा त्यालाच मिळतो आणि जमीन एकदाच उकरता येते. जिथे पर्यटक येऊन वर्षानुवर्षे गावाला रोजगार मिळाला असता, तिथे आता खड्डे आहेत. गरिबाची एवढीच काळजी असेल तर जकात आहे, सदका आहे. त्यासाठी लंडनच्या लिलावातून बोली लावायची गरज नाही.

चौथा: "गोऱ्यांनी सगळे नेले तेव्हा कोणी विचारले नाही. आता आपण घेतो तर गुन्हा?" या मुद्द्यावर मी त्यांच्याबरोबर निम्मी वाट चालते. पुदुक्कोट्टईची नाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, हे मला टोचते. साम्राज्याने लुटले ते लुटलेच आणि त्याचा हिशेब मागायलाच हवा. पण ज्याला साहेबाची लूट टोचते, त्याने सीरियाच्या लुटीतला वाटा का घ्यावा? हिशेब मागणाऱ्याचे हात तरी स्वच्छ असावेत.

पाचवा, सगळ्यांचा आवडता: "विक्रेत्याने पावती दिली आहे. 'जुन्या खासगी संग्रहातून' असे लिहिले आहे." कुणाच्या? कोणत्या साली? कुठल्या कॅटलॉगमध्ये छापलेले? या तिन्हींचे उत्तर नसेल तर ते तीन शब्द म्हणजे 'देवाशप्पथ' म्हणण्यासारखे आहे. २०२० साली लंडनच्या एका लिलावात ब्रूटसचे सोन्याचे नाणे, सीझरच्या खुनाचा गौरव करणारे, ३० लाख पौंडांच्या वर गेले. त्याचा मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधून ते ग्रीसला परत करावे लागले. जगात सर्वाधिक बोली लागलेल्या प्राचीन नाण्यांपैकी एकाचा कागद खोटा असू शकतो, तर तुमच्या पाकिटातून आलेल्या दिनारियसचे काय घेऊन बसलात?

मग छंद सोडायचा का?

नाही. मी छंदाच्या विरोधात नाही, बेपर्वाईच्या विरोधात आहे. घ्यायचेच असेल तर ज्याचा प्रवास छापील कॅटलॉगमध्ये दाखवता येतो तेच घ्या. युनेस्कोचा पुरातन वस्तूंबाबतचा करार १९७० सालचा आहे. त्यापूर्वीच्या कॅटलॉगमध्ये चित्र असलेले नाणे मागा. महाग पडेल, पडू दे. वर्षाला दहाऐवजी एक घ्या. दहा गिऱ्हाइकांनी कागद मागितला की अकराव्या वेळी विक्रेता आपणहून दाखवतो. बाजार गिऱ्हाइकाच्या प्रश्नाने सुधारतो, भाषणाने नाही.

चेहरेच बघायचे असतील तर अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने रोमन सम्राटांच्या नाण्यांची यादी इंटरनेटवर फुकट खुली ठेवली आहे. डोम्ना, प्लॉटिला, गेटा, सगळे तिथे आहेत. मी त्यातली चित्रे छापून वर्गात लावते. मुलांना विचारते, हा फोटो कुणी काढायला सांगितला आणि का? नववीतली मुले निवडणुकीचे फ्लेक्स आठवून असली उत्तरे देतात की प्राध्यापकांनी ऐकावीत.

आणि आपल्या शेतात, विहिरीच्या खोदकामात, जुन्या घराच्या पायात काही सापडले तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते. इंग्लंडने १९९६ च्या कायद्याने कळवणाऱ्याला योग्य मोबदला मिळण्याची चांगली व्यवस्था केली, म्हणून शॅपविकसारखी नाणी उजेडात येतात. आपल्याकडे शेतकऱ्याला मोबदल्यापेक्षा तलाठी आणि पोलिसांच्या फेऱ्यांची धास्ती जास्त असते. ती धास्ती काढणे हे सरकारचे काम आहे, आणि ते मागणे आपले.

शेवटी शब्दाकडेच वळते. 'दीनार' हा शब्द कुरआनातही आहे, सूरह आले इमरानमध्ये. तिथे विषय कमाईचा किंवा चैनीचा नाही, अमानतीचा आहे: विश्वासाने सोपवलेले कोण परत देतो आणि कोण देत नाही. अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी मडके जमिनीला सोपवले. परत यायचे असेल म्हणूनच पुरले असेल, पण तो आला नाही. त्या अमानतीचा मालक आज कोणीच नाही, म्हणून ती सगळ्यांची आहे. ती खरेदी-विक्रीची वस्तू समजणाऱ्याला मी एवढेच विचारायला सांगेन. पुढच्या वेळी विक्रेत्याने डोम्नाचे नाणे पुढे केले की तिच्या केसांची घडण पाहण्याआधी, अक्षरे लावण्याआधी, भाव करण्याआधी एक प्रश्न विचारा: "हे कुठे सापडले?" उत्तर आले नाही तर नाणे त्याच्या हातात परत ठेवा. खाच रिकामी राहिली तर राहू दे.